दहावीला ८४ टक्के मिळवलेल्या भावाला आयटीआयला जायचे आहे. घरच्यांनी काय करावे?

कृष्णाकाठची_ताई

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला यंदा दहावीला ८४ टक्के गुण मिळाले, त्यातही गणितात ९१. आमचे गाव पलूस तालुक्यात आहे. ऊस आणि थोडी द्राक्षे असे अडीच एकर रान आहे. निकालाच्या दिवशी संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर त्याने घरात सांगितले की मला अकरावीला जायचे नाही, आयटीआयला जोडारी (फिटर) या ट्रेडला प्रवेश घ्यायचा आहे. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोललेले नाही. बाबांच्या मते आयटीआय ही कमी गुण पडलेल्या मुलांची वाट आहे आणि एवढे गुण मिळवून कोणी कानस घासायला जात नाही. त्यांनी मला फोन करून सांगितले, "तू इंजिनिअर आहेस, तुझे तो ऐकेल. तूच त्याला समजाव."

माझी अडचण अशी की त्याला काय समजवावे हेच मला उमगत नाही. मी २०२१ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेतली. चार वर्षांत लेथला माझा हात किती वेळा लागला हे मला बोटांवर मोजता येईल, कारण प्रात्यक्षिकाच्या तासाला एक जण यंत्र चालवायचा आणि बाकीचे सगळे वहीत आकृती व निरीक्षणे उतरवायचे. साडेपाच लाखांचे शैक्षणिक कर्ज झाले, त्याला मामा जामीन राहिले. आज मी पुण्यात विम्याचे दावे तपासण्याच्या कामावर आहे, महिन्याला २६,००० रुपये हाती येतात आणि त्यातले साडेसात हजार हप्त्यात जातात. काम मनापासून करते, पण शिकले त्यातले काहीही इथे लागत नाही.

भावाची गोष्ट निराळी आहे. आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या कपलिंगची रबरे दर महिन्या-दीड महिन्याला झिजत होती आणि दर वेळी नवी आणून बसवली जात होती. मागच्या उन्हाळ्यात त्याने मोटार आणि पंप यांच्यामधल्या कपलिंगवर लोखंडी पट्टी आडवी टेकवून पाहिली, एका बाजूने उजेड दिसतो आहे हे त्याच्या लक्षात आले, आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याची कात्रण कापून त्याने ती मोटारीच्या एका पायाखाली सरकवली. तेव्हापासून रबर बदलावे लागलेले नाही. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

दुसरीकडे आमच्या चुलत्यांनी श्रमबलाच्या सरकारी पाहणीतला आकडा पाठवला आहे: २०२२-२३ मध्ये देशात पंधरा वर्षांवरील एकूण बेरोजगारी ३.२ टक्के, तर पदवीधरांमधली १३.४ टक्के. हा आकडा खरा असेल तर बाबांचा हट्ट कशासाठी, असे मला वाटते. आणि तरीही रात्री झोप लागत नाही, कारण सोळाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाने त्याच्या पुढच्या वाटा बंद झाल्या तर त्याचा दोष माझ्याकडे येईल. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरून ठेवला आहे, आयटीआयचा अजून भरलेला नाही. या क्षेत्रातल्या माणसांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

टूलरूमवाला_भोसरी

ताई, तुमच्या भावाने सरकवलेल्या त्या पत्र्याच्या कात्रणीला कारखान्यात शिम म्हणतात, आणि त्याने केले त्या कामाला अलाइनमेंट. जोडाऱ्याच्या रोजच्या कामातला हा एक मोठा भाग आहे. पट्टी टेकवून उजेड पाहण्याची बुद्धी ज्याला आपोआप सुचते त्याच्याविषयी मला काळजी वाटत नाही. मला काळजी वाटते ती आयटीआयनंतरच्या पहिल्या तीन वर्षांची, म्हणून त्याविषयीच लिहितो.

मी खटाव तालुक्यातला. १९९९ ला जोडारी ट्रेड पूर्ण केला. आम्हाला पहिले दोन-तीन महिने माइल्ड स्टीलचा एक फ्लॅट तुकडा आणि कानस एवढेच दिले होते. तो तुकडा व्हाइसमध्ये म्हणजे बाकावरच्या शेगड्यात धरायचा, कानस मारायची, मग काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि गुण्याची पात व लोखंड यांच्यामधून उजेड येतो का ते पाहायचे. मधोमध उजेड दिसला तर पृष्ठभाग खोलगट झाला आहे, कडांना दिसला तर फुगीर झाला आहे. पुन्हा कानस. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले आणि महिनाभर मला वाटत राहिले की हे शिक्षण नसून शिक्षा आहे. पण साधारण दुसऱ्या महिन्यात एके दिवशी गुण्या लावण्याआधीच हाताला कळले की उजवीकडे थोडे जास्त राहिले आहे. हाताला आलेली ती जाण आजही माझे पोट भरते. डायचा म्हणजे साच्याचा पंच बसवताना मिलिमीटरच्या दोन शतांशांचा फरक मायक्रोमीटर नंतर सांगतो, बोट आधी सांगते.

आता पुढचे. माझ्याच बॅचला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवलेला आणि हाताने माझ्यापेक्षा सरस असलेला एक मित्र होता. मला शिकाऊ उमेदवारीसाठी (अप्रेंटिसशिपसाठी) एक छोटी टूलरूम, म्हणजे साचे व डाय बनवणारी कार्यशाळा, मिळाली, जिथे मालक स्वतः ड्रॉइंग घेऊन बाकाशी उभे राहायचे. त्याला मोठ्या नावाचा कारखाना मिळाला, गावात त्याचे कौतुक झाले, आणि तिथे त्याला पॅकिंगच्या लाइनवर उभे केले. वर्ष संपल्यावर तो ठेकेदाराकडे लागला, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, आणि वीस वर्षांनंतरही तो नट घट्ट करण्याचेच काम करतो आहे. आमच्या दोघांची प्रमाणपत्रे अक्षरशः सारखी आहेत. म्हणून आयटीआय की कॉलेज या प्रश्नाच्या आधी मी असे विचारेन की त्याला कोणाच्या हाताखाली शिकायला मिळणार आहे. लहान कारखान्याचे नाव गावात कोणाला ठाऊक नसले तरी चालेल. तिथे ड्रॉइंगवरून एखादा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बनवायला मिळतो का, एवढे पाहावे.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण ती मी चुकलो. मी पुढे डिप्लोमा केला नाही. पंचविशीत हाती पैसे येत होते, वडिलांचे आजारपण होते, आणि पुन्हा वर्गात बसण्याची लाज वाटली. आज माझ्या टूलरूममध्ये डाय कशी दुरुस्त करायची हे मी ठरवतो, पण अहवालावर सही दुसऱ्याची असते. भावाला गणितात ९१ आहेत. त्याने ते गणित सोडू नये.

निवृत्त_शिल्प_निदेशक

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये तीस वर्षे निदेशक म्हणून काम केले. वरील सदस्यांचे म्हणणे योग्य आहे, त्याला काही व्यावहारिक माहितीची जोड देतो. कारण वाटा बंद होण्याची ताईंची भीती मी दरवर्षी पालकांच्या तोंडून ऐकत आलो आहे आणि ती बरीचशी माहितीअभावी असते.

आयटीआयचे ट्रेड ज्या योजनेखाली चालतात ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून देशात चालू आहे. जोडारी, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), कातारी (टर्नर), यंत्रकारागीर (मशिनिस्ट) हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, तर संधाता म्हणजे वेल्डर आणि नळकारागीर म्हणजे प्लंबर हे एक वर्षाचे. हा फरक प्रवेशाच्या वेळी कोणी लक्षात घेत नाही, पण पुढच्या शिक्षणासाठी तो निर्णायक ठरतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला आपल्या राज्यात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो, आणि डिप्लोमा पूर्ण झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझे काही विद्यार्थी या मार्गाने पदवीपर्यंत गेले आहेत. मात्र त्यातल्या बहुतेकांना थेट दुसऱ्या वर्षी गणित फार जड गेले, कारण पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते आणि आयटीआयमधले कार्यशाळा गणित त्या पातळीचे नसते. ज्यांनी दोन वर्षे रोज संध्याकाळी तासभर अकरावी-बारावीचे गणित स्वतः सोडवले, ते टिकले.

प्रवेश अर्जाविषयी एक सावधगिरी. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात विकल्पांचा क्रम विचारपूर्वक लावावा, कारण पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की तो प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा पुढच्या फेऱ्यांतून नाव वगळले जाते. विकल्प भरण्यापूर्वी त्या संस्थेत एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. इमारत पाहू नका. कार्यशाळेत किती व्हाइस वापरात आहेत, यंत्रांवर धूळ आहे की तेल, त्या ट्रेडला कायम निदेशक आहे की जागा रिकामी आहे, हे पाहा. एका तुकडीत वीस प्रशिक्षणार्थी असतात, त्या वीस जणांना वीस व्हाइस मिळतात का हा साधा प्रश्न तिथल्या मुलांनाच विचारा. सगळ्या संस्था सारख्या नाहीत, हे मी त्याच खात्यात आयुष्य घालवून सांगतो आहे.

शिकाऊ उमेदवारीविषयीही थोडे. हे प्रशिक्षण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. उमेदवाराचा करार केंद्राच्या पोर्टलवर नोंदवला जातो, विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळते. बाजारात 'ट्रेनी' या नावाखाली जे चालते त्यातले बरेचसे या कायद्यातले नसते. तिथे ना करार नोंदवलेला असतो, ना शेवटी प्रमाणपत्र मिळते. भावाने सही करण्यापूर्वी कराराचा नोंदणी क्रमांक मागावा. कायद्याने मालकावर पुढे नोकरी देण्याचे बंधन नाही, हेही त्याला आधीच माहीत असावे, म्हणजे वर्षअखेरीस मन मोडणार नाही.

वाळूजचा_डिप्लोमाधारक

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. ताईंनी दिलेला बेरोजगारीचा आकडा खरा असला तरी त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. पाहणीत बेरोजगार म्हणून त्याची गणना होते जो काम शोधतो आहे आणि ज्याला ते मिळालेले नाही. घरून दोन वर्षे आधार मिळत असेल तरच माणूस मनासारख्या नोकरीची वाट पाहू शकतो. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे तो आठवीत शाळा सोडलेला मुलगा बेरोजगार राहूच शकत नाही, तो मिळेल त्या मजुरीवर जातो आणि आकडेवारीत 'रोजगारप्राप्त' ठरतो. त्यामुळे १३.४ आणि ३.२ यांची तुलना करून पदवी निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही.

मी ज्या कारखान्यात आहे तिथे आयटीआयची मुले जवळून पाहतो. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदरच आहे. पण त्यातले बहुसंख्य ठेकेदारामार्फत आलेले आहेत. त्यांचा पगार दरवर्षी किमान वेतनातल्या बदलाएवढाच हलतो, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि पस्तिशीनंतर त्यांच्या जागी विशीतली मुले आणण्याकडे कल असतो. पाठ, गुडघे आणि डोळे हेच त्यांचे भांडवल आहे. सोळाव्या वर्षी हे दिसत नाही. वडिलांना ते दिसते आहे, कारण उसाच्या फडात आयुष्य गेलेल्या माणसाला शरीर किती वर्षे साथ देते हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्या बोलण्यात आयटीआयविषयी तुच्छता असेल, पण भीती त्याहून मोठी असावी, असे मला वाटते. ती भीती खोडून काढण्याआधी ऐकून घ्यावी.

माझे मत असे की ८४ टक्क्यांना त्याने थेट दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमालाच, शासकीय पॉलिटेक्निकमध्ये, अर्ज करावा. आणि हात खरोखरच लोखंडाकडे ओढत असतील तर आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधला टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा पाहावा. तो दहावीनंतर प्रवेशपरीक्षेने मिळतो, त्यात कार्यशाळेतले काम आणि डिझाइन दोन्ही असते. शासकीय आयटीआयपेक्षा तिथे खर्च पुष्कळ जास्त येतो, घरापासून दूर राहावे लागते, हे खरे. पण टूलरूमवाल्या दादांनी अहवालावरच्या सहीची जी खंत सांगितली, ती या मार्गाने टळू शकते.

शेवटी काहीही ठरले तरी पहिल्या नोकरीत भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापले जाते का हे पगाराच्या चिठ्ठीवर पाहायला त्याला शिकवा. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपयांची आहे, म्हणजे सुरुवातीच्या पगारावर तो हक्काने त्यात बसतो. आमच्याकडे बोट गेलेल्या एका मुलाला त्या चिठ्ठीवर ईएसआयचा क्रमांक होता म्हणून उपचार मिळाले. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे तसा क्रमांकच नव्हता.

तारतंत्री_सातारा

मी तारतंत्री ट्रेड केलेली आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, तरी आमच्या तुकडीत आम्ही दोघीच होतो. वरच्या चर्चेत सगळे कारखान्याविषयीच बोलत आहेत, म्हणून लिहिते. भावाला गावाजवळ राहून काम करायचे असेल तर त्याने जोडारीबरोबर वीजतंत्री या ट्रेडचाही विचार करावा. आमच्या ट्रेडला परवान्यांची शिडी आहे: अनुज्ञापक मंडळाकडून आधी तारतंत्रीचा परवाना, अनुभवानंतर पर्यवेक्षकाचा, आणि पुढे विद्युत ठेकेदारीची अनुज्ञप्ती. परवाना असला की बंगल्याच्या वायरिंगपासून द्राक्षाच्या शीतगृहापर्यंत कामे स्वतःच्या नावावर घेता येतात. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीलाही वीजतंत्री आणि तारतंत्री हेच दोन ट्रेड चालतात. तिथे पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, एवढे लक्षात ठेवावे.

वडिलांविषयी एकच सांगते. माझे वडील दोन वर्षे नातेवाइकांना मी "कॉलेजला जाते" असे सांगत होते. ज्या दिवशी मी आमच्या वस्तीवरच्या शाळेचे मीटर आणि अर्थिंग एकटीने पूर्ण केले आणि मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोर पंखा सुरू केला, त्या दिवसापासून त्यांनी ते सांगणे थांबवले. शब्दांनी त्यांचे मन वळवण्याचा मी फार प्रयत्न केला होता, त्याचा उपयोग झाला नव्हता.

कृष्णाकाठची_ताई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पाच दिवस उत्तर देऊ शकले नाही, कारण मी रजा घेऊन गावी गेले होते.

वाळूजच्या दादांचे म्हणणे वाचून मी आधी बाबांनाच विचारले की तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी इचलकरंजीला यंत्रमागावर गेले होते आणि चाळिशीत ऐकू येईनासे होऊन परत आले. ही गोष्ट घरात कधी कोणी काढली नव्हती, मलाही ठाऊक नव्हती. मी त्यांना आयटीआय चांगले की वाईट यावर काहीही समजावले नाही. फक्त निवृत्त निदेशकांनी सांगितल्याप्रमाणे एकदा संस्था पाहून येऊ म्हटले, आणि ते तयार झाले.

आम्ही तिघे दोन शासकीय संस्थांत जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी जोडारीच्या कार्यशाळेला कुलूप होते आणि निदेशक आठवड्यातून तीनच दिवस दुसरीकडून येतात असे शिपायाने सांगितले. दुसऱ्या ठिकाणी मुले काम करत होती. तिथल्या निदेशकांनी भावाच्या हातात कानस दिली, तर बाबांनी पुढे होऊन त्याच्या कोपराला हात लावला आणि "खांद्यातून जोर लाव, मनगटातून नको" असे सांगितले. विळे-कोयत्यांना धार लावण्यात त्यांचा हात बसलेला आहे. निदेशकांनी त्यांना चहाला थांबवून घेतले आणि दोघे अर्धा तास बोलत होते, विशेषतः कानात घालायच्या बोळ्यांविषयी आणि ते कारखाना देतो की नाही याविषयी.

काल रात्री आयटीआयचा अर्ज भरला. पहिला विकल्प त्या दुसऱ्या संस्थेतला जोडारी, दुसरा तिथलाच वीजतंत्री. पॉलिटेक्निकचा अर्जही भरला आहे आणि टूल रूमच्या प्रवेशपरीक्षेची चौकशी भाऊ स्वतः करतो आहे. त्याचा खर्च झेपेल का हे मामांशी बोलून ठरेल. माझी अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके माळ्यावरून काढून त्याला दिली आहेत. दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर एक धडा करणार आहोत, पहिला या रविवारी आहे.

निदेशक साहेब, शिकाऊ उमेदवारीच्या कराराचा नोंदणी क्रमांक मागावा असे आपण लिहिले आहे. तो क्रमांक खरा आहे हे पोर्टलवर कसे तपासायचे, हे सवडीने सांगाल का?